मॉरिशस : उसाच्या बेटावर आठ दिवस



आपल्या पत्रिकेत आम्ही एरवी लिहितो ते बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवर. या वेळी संपादक मंडळ म्हणाले, "परदेशी जाऊन आलात, तर सभासदांना चार गोष्टी सांगा." म्हणून हा लेख. मात्र पाचटाने तिकडेही आमची पाठ सोडली नाही, ते पुढे येईलच.

आम्ही गेलो होतो मॉरिशसला. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० कि.मी. अंतरावर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २,००० चौ.कि.मी., म्हणजे आपले दोन मोठे तालुके धरा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. डच लोकांनी १६३९ साली जावाहून तेथे ऊस आणला. मागाहून फ्रेंचांनी आणि १८१० नंतर इंग्रजांनी तो बेटभर पसरवला. शिवाय तेथे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसे आहेत. ऊसही आहे आणि मराठीही आहे, मग आपल्यासारख्याने बघायला नको का?

जाणे झाले ते घरच्या पैशाने, कारखान्याच्या नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वार्षिक सभेत प्रश्न यायचा. सोबत दोन मित्र येणार होते. एकाची आडसाली लागण लांबली आणि दुसऱ्याची म्हैस व्यायला आली. सौ. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, मला समुद्र नुसता बघूनच गरगरतं." तेव्हा या लेखात 'आम्ही' म्हणजे एकटेच समजावे. गौरी-गणपती आटोपले होते, गळीत सुरू व्हायला अवकाश होता, तेवढ्यात आठ दिवसांची रजा टाकली. आपल्या पासपोर्टवर मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि उतरण्याचा पत्ता मात्र जवळ असावा लागतो. मुंबईहून विमानाने सहा-सात तासांचा प्रवास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे.

उतरताच ऊस

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आहे. बाहेर पडलो तो दोन्ही बाजूंना ऊस! तेथे तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते, त्यामुळे आपल्याकडे मोळी टाकायला अजून अवधी असताना तिकडे ट्रक भरून चालले होते. पण नजर खिळली ती फडातल्या दगडांच्या ढिगांवर. हे बेट ज्वालामुखीचे, जमिनीत काळा दगड फार. तो वेचून, रचून, शेताच्या मधोमध घरापेक्षा उंच ढीग केलेले आहेत. हे काम गुलामांनी आणि त्यांच्यामागून गेलेल्या आपल्या हिंदी मजुरांनी हातांनी केले.

या मजुरांची हकिगत पोर्ट लुई या राजधानीच्या गावी आप्रवासी घाटावर कळते. इंग्रजांनी १८३५ साली तेथली गुलामगिरी बंद केली. उसाला माणूस तर हवे होते. म्हणून १८३४ पासूनच पाच-पाच वर्षांच्या करारावर हिंदुस्थानातून मजूर नेऊ लागले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसे या घाटावर उतरली. बोटीतून उतरून चढायच्या सोळा दगडी पायऱ्या आजही आहेत. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून नोंदली. बिहारचे लोक सर्वांत जास्त. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे, घाटावरचे मराठीही होते. आपल्या तोडणी टोळीचा करार सहा महिन्यांचा असतो, तरी निघताना घरच्या म्हाताऱ्यांचा जीव खालीवर होतो. पाच वर्षांच्या कराराने बोटीत चढलेल्यांचे काय झाले असेल? आम्ही त्या पायऱ्यांवर बराच वेळ उभे होतो.

बांध आणि सांडवा

आमचा मुक्काम माहेबूर या जुन्या बंदराच्या गावी, एका घरगुती खोलीत होता. सकाळी नाक्यावर 'धोल पुरी' मिळते. नाव पुरी, पण असते मऊ पोळी. आत पुरणाऐवजी हरभऱ्याच्या डाळीचा तिखटमिठाचा भुगा, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. आपल्या डाळवड्याची धाकटी बहीण 'गातो पिमां' म्हणून मिळते. बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंचचे शब्द पण चाल निराळी. "बोंझूर, की मान्येर?" म्हणजे "नमस्कार, कसं काय?" एवढ्यावर आमचे पहिले दोन दिवस गेले. बाकी हिंदी सिनेमाच्या कृपेने मोडकीतोडकी हिंदी पुष्कळांना येते. एकटा माणूस बघून लोक आपण होऊन बोलतात, हा एकटे जाण्यातला मोठा फायदा.

माहेबूरजवळ ब्लू बे नावाचा उपसागर आहे. २००० सालापासून हे राखीव सागरी उद्यान आहे. मासेमारीवर आणि नांगर टाकण्यावर तेथे बंधने आहेत. तेथे नावाड्याशी ओळख झाली. तिशी-पस्तिशीचा गडी. तो आम्हांला 'तोंतों' म्हणू लागला. तिकडे काकाला तसे म्हणतात.

आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीला चार बाजू असतात. कुठेही हात टाकला तरी दगड लागतो. समुद्राला काठ एकच. म्हणून उतरण्याआधी त्याला सारे विचारून घेतले, आणि त्याने जे समजावले ते शेतकऱ्याला चटकन कळण्यासारखे आहे.

बेटाच्या भोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाचा कट्टा आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, बारीक जिवंत प्राणी. त्यांची घरे एकावर एक रचून तो कट्टा हजारो वर्षांत वाढतो. हा झाला समुद्राचा बांध. बाहेरची मोठी लाट त्यावर आपटून फुटते आणि आतले पाणी उथळ व शांत राहते. जेथे ओढ्या-नदीचे गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येतो तेथे प्रवाळ नीट धरत नाही, म्हणून बांधाला खिंड राहते. ही खिंड म्हणजे सांडवा. बांधावरून आत आलेले पाणी त्या सांडव्यातून जोराने बाहेर जाते. वरून पाणी सपाट दिसते, पण माणूस त्या ओढीत सापडला की बाहेरच्या समुद्रात जातो. तेव्हा पहिला नियम, सांडव्याच्या दिशेला जायचे नाही. दुसरा, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. पाय कापतो आणि प्रवाळही मरतो.

मग जाकीट चढवले, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची वाकडी नळी, पायांत रबरी पंख. पहिली पाच मिनिटे जीव घाबरा झाला. नाकाने श्वास घ्यायची सवय, आणि नाक तर बंद. नावाडी शेजारी तरंगत होता. "हळू, तोंतों, हळू," एवढेच म्हणायचा. एकदा श्वास लागला आणि खाली पाहिले. सभासद हो, काय सांगावे! फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, सांबराच्या शिंगांसारखे, मेंदूच्या वळ्यांसारखे प्रवाळ. त्यांतून पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे, जणू बाजाराच्या दिवशी गल्लीत फिरावे तसे. वर वारा, लाटांचा आवाज. खाली आपला श्वास सोडून काही ऐकू येत नाही. काही ठिकाणी प्रवाळ पांढरा पडलेला दिसला. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की प्रवाळ असा पांढरा पडतो, आणि ते लांबले तर मरतो.

दुसऱ्या दिवशी नावेत आमच्याबरोबर दोन परदेशी पाहुणे होते. त्यांना कट्ट्याच्या अगदी कडेला जायचे होते. अर्ध्या वाटेत वारा फिरला. आम्हांला काहीच कळले नाही, पण नावाड्याने पाण्याचा रंग पाहिला आणि नाव वळवली. पाहुणे रागावले, पैसे परत मागू लागले. त्याने काठावर आल्यावर निम्मे पैसे मोजून दिले आणि नाव बांधून टाकली. तासाभरात कट्ट्यावर अशा लाटा उठल्या की मघाचे पाहुणे स्वतःच येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले.

पाचटाच्या गाद्या

नाव बांधल्यावर मोकळा वेळ मिळाला. वाळूत बसून तो नावाडी जे बोलला, त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे मोठे मालवाहू जहाज याच किनाऱ्याला, प्वांत देस्नी गावासमोर कट्ट्यावर चढले. जहाज रिकामे होते, पण त्याच्या स्वतःच्या टाक्यांत जवळजवळ ४,००० टन इंधन तेल होते. १२ दिवस ते तसेच अडकून राहिले. ६ ऑगस्टला तेल गळू लागले आणि सुमारे १,००० टन काळे तेल आतल्या शांत पाण्यात पसरले. समोर ब्लू बे, बाजूला एग्रेत बेटाचे राखीव जंगल, किनाऱ्याला तिवरांची बने. करोनामुळे पाहुणे आधीच बंद होते; आता मासळीही गेली.

तेल अडवायला तरंगते बांध लागतात. ते पुरेसे नव्हते. तेव्हा माहेबूरच्या लोकांनी काय केले? उसाच्या फडांतून पाचट आणले. कापडाच्या, जाळीच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासून भरले, तरंगावे म्हणून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घातल्या आणि एकीला एक जोडून पाण्यावर सोडल्या. वाळलेले पाचट तरंगते आणि तेल धरते. केसही तेल धरतात म्हणून बायाबापड्यांनी, पोरांनी आपले केस कापून दिले. सरकारने सांगितले, हे काम आमच्यावर सोडा. पण लोक हटले नाहीत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, हजारो माणसे रात्रंदिवस शिवत आणि भरत होती. नावाडी म्हणाला, "माझी आई सुई घेऊन बसली होती आणि मी गुडघाभर तेलात उभा होतो. आठ दिवस हाताचा वास गेला नाही."

१५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. तोवर टाक्यांतले उरलेले बहुतेक तेल उपसून काढले गेले होते. त्या गाद्यांनी सगळे तेल थांबले असे नाही. तिवरांत तेल शिरलेच, नुकसान मोठे झाले. पण हातातले साधन घेऊन लोक पाण्यात उतरले नसते, तर आम्ही जे मासे पाहिले त्यांतले किती राहिले असते कुणास ठाऊक.

आम्ही गेली वीस वर्षे गटागटांत सांगत फिरतो, पाचट जाळू नका. ते सरीत दाबा, ओल टिकते, जमीन सुधारते. त्याच पाचटाने एका गावाने समुद्र राखायला कंबर कसली. तिकडे त्याला 'लापाय कान' म्हणतात. हे नाव आम्ही वहीत लिहून आणले आहे.

पतंगवाले आणि सेगा

नैऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा डोंगर थेट समुद्रातून उठलेला दिसतो. उंची ५५६ मीटर. मालकांकडून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर आले, ते पकडायलाच आले असे समजून पुष्कळांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे पिढ्यानपिढ्या सांगतात. २००८ साली हा डोंगरही जागतिक वारशात आला.

त्याच डोंगरापुढे आज देशोदेशीची पोरे पतंगावर स्वार होतात. कंबरेला पट्टा, त्याला मोठ्या कापडी पतंगाच्या दोऱ्या, पायाखाली फळी. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा एकसारखा वाहतो, त्या वाऱ्याच्या जोरावर माणूस पाण्यावरून सुसाट जातो आणि मधेच दोन-दोन माणसे उंच उडतो. कासऱ्याने बैल आवरावा तसा पतंग आवरायचा असतो. शिकवणारा आधी वाळूवर एकच धडा पुन्हा पुन्हा देत होता: अडचण आली तर पतंग सोडून देण्याची कळ कोणती. उडायचे नंतर, सोडायचे आधी. आम्ही फळीवर चढलो नाही. ज्याला चार-पाच दिवस नीट शिकायला नाहीत त्याने त्यात पडू नये, असे शिकवणाराच म्हणाला. आम्ही त्याऐवजी शिडाच्या होडीतून तास-दीड तास फिरलो. कोळ्यांच्या या लाकडी होड्यांना 'पिरोग' म्हणतात, आणि माहेबूरला त्यांच्या शर्यती लागतात. शिडाचा दोर हातात दिला तेव्हा वाऱ्याला केवढे वजन असते ते कळले.

संध्याकाळी किनाऱ्यावर सेगा पाहिला. गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेला हा नाच. पाय वाळूवरून फारसे उचलायचे नाहीत, सरकवायचे. वाजवणाऱ्याने आपले 'रावान' हे गोल वाद्य आधी जाळावर धरले. बकऱ्याचे कातडे तापल्याशिवाय बोलत नाही, अगदी आपल्या हलगीप्रमाणे! दुसऱ्याच्या हातात 'मारावान' नावाची चपटी पेटी होती, उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची, आत बिया. ती हलवली की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. आपल्याकडे तुरा आला की आम्ही उतारा घटला म्हणून कपाळाला हात लावतो. तिकडे त्याचे वाद्य झाले.

कास्काव्हेलचे आजोबा

पश्चिमेकडे कास्काव्हेल हे मराठी वस्तीचे गाव आहे. या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो, आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून अजून नाचतात. एका अंगणात सत्तरीपुढचे आजोबा भेटले. आम्ही मराठीत नमस्कार केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "या, बसा. पाणी घ्या." एवढे चार शब्द स्वच्छ. पुढचे बोलणे निम्मे क्रिओल, निम्मे पुस्तकी मराठी. गाव कोणते ते त्यांना सांगता आले नाही. पणजोबा 'बोंबे'हून आले एवढेच ठाऊक.

ऊस म्हटल्यावर मात्र गडी खुलला. त्यांचा दोन 'आर्पां' ऊस होता. एक आर्पां म्हणजे आपल्या एकराहून किंचित मोठा. आता रान पडीक आहे. तोडायला माणूस मिळत नाही, दगडात यंत्र चालत नाही. १९७५ पासून युरोप ठरल्या भावाने साखर घेत होता. २००६ ते २००९ या काळात तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ साली तो करारच संपला. १९७० च्या दशकात सात लाख टनांपर्यंत गेलेली साखर अलीकडे अडीच लाख टनांच्या आत आली आहे. एकेकाळी अडीचशेवर असलेल्या कारखान्यांचे आता तीन उरले. एका बंद कारखान्याचे, बो प्लांचे, संग्रहालय केले आहे. तेथली थंड पडलेली यंत्रे बघवत नाहीत.

आजोबांचा मुलगा फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची नाव चालवतो. आम्ही विचारले, "मग बरे चालले आहे ना?" ते म्हणाले, "समुद्र नीट आहे तोवर." आणि जरा थांबून, "समुद्र नीट राहतो, वर रान नीट असेल तर." फडातली माती आणि खत पावसाने ओढ्यातून समुद्रात गेले की शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतो, हे ते आपल्या भाषेत सांगत होते. जाताना त्यांनी विचारले, "तिकडे मुलगे ऊस करतात काय?" आम्ही म्हणालो, "करतात, आजोबा." पुढे काही बोलवले नाही, कारण आपल्याही गावांतले किती मुलगे करतात हे आम्ही लागणीच्या नोंदवहीत पाहतो.

आपल्यासाठी

पहिली गोष्ट पाण्याची. सुट्टी लागली की आपली तरुण मुले जीप भरून कोकणात जातात. आता मालवण-तारकर्लीलाही मुखवटा लावून समुद्रात उतरण्याची सोय आहे, जरूर जावे. पण विहिरीत सूर मारणारा समुद्रात पट्टीचा होत नाही. दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांत आपल्या घाटावरची मुले असतात. जाकीट घालावे, स्थानिक नावाडी 'नाही' म्हणाला तर वाद घालू नये, पोटात दारू असताना पाण्यात जाऊ नये. आईबापांनी हे मुलांना निघण्याआधी सांगावे, मागून नव्हे.

दुसरी गोष्ट रानाची. आपला समुद्र म्हणजे आपली नदी. जास्तीचे खत आणि जास्तीचे पाणी तिच्यातच जाते, आणि खालच्या गावची माणसे ते पितात. मात्रा माती परीक्षणाप्रमाणे द्यावी. पाचट जाळू नये, सरीत ठेवावे. एवढे यंदाच्या खोडव्याला प्रत्येकाने केले तरी पुष्कळ झाले.

मॉरिशसच्या ऊसशेतीची आणखी माहिती, तसेच प्रवासाची चौकशी ज्यांना करायची असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी सकाळी गट ऑफिसवर भेटावे. येताना माती परीक्षणाचा नमुना आणला तर एका फेरीत दोन कामे होतील.